पगार बुडत नाही, पण वेळेवर येत नाही: अमेरिकेतल्या शटडाऊनमध्ये सरकारी नोकरांना मदत कुठून मिळते?

सरकारी नोकरी म्हणजे पहिल्या तारखेचा पगार. आपल्याकडे या भरवशावर लग्नं जमतात आणि घरांची कर्जं मंजूर होतात. त्यामुळे अमेरिकेचं सरकार ‘बंद’ पडलं आणि लाखो सरकारी नोकर पगाराविना राहिले अशी बातमी आली, की पहिला प्रश्न हाच पडतो की एवढ्या श्रीमंत सरकारकडे पगाराला पैसे कसे नाहीत? दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. या लोकांनी त्या दिवसांत घरभाडं कशातून भरायचं, मुलांच्या तोंडात घास कशातून घालायचा?

पहिल्याचं उत्तर छोटं आहे. पैसे असतात, खर्च करायची परवानगी नसते. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार कायद्याने मंजूर केल्याशिवाय तिजोरीतला एक डॉलरही काढता येत नाही. तिथलं आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होतं. त्याआधी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, खर्चाची बारा विधेयकं मंजूर करायची असतात, नाहीतर निदान काही आठवड्यांपुरती तात्पुरती मंजुरी द्यायची असते. दोन्ही झालं नाही तर 1884 सालचा एक जुना कायदा आडवा येतो. मंजुरी नसताना खर्च करायचा नाहीच, शिवाय कुणाकडून फुकट कामही करून घ्यायचं नाही, असं तो सांगतो. जाणूनबुजून मोडला तर 5,000 डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद. अपवाद फक्त माणसांच्या जिवाची आणि मालमत्तेची सुरक्षा सांभाळणाऱ्या तातडीच्या कामांचा. 1980 पर्यंत हा कायदा इतका कडक पाळला जात नव्हता, मंजुरीला थोडे दिवस उशीर झाला तरी कचेऱ्या चालू राहायच्या. त्या वर्षी तेव्हाचे ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे सर्वोच्च कायदा अधिकारी, बेंजामिन सिव्हिलेटी यांनी त्याचा शब्दशः अर्थ लावला, आणि आज आपण ज्याला शटडाऊन म्हणतो तो तिथून सुरू झाला.

आपल्याकडे असं होत नाही. अर्थसंकल्प वेळेत मंजूर होणार नसेल तर लोकसभा लेखानुदान, म्हणजे मधल्या काळापुरत्या खर्चाची परवानगी, मंजूर करते, आणि सरकारच्या खर्चाच्या मागण्याच लोकसभेने फेटाळल्या तर ते सरकार टिकू शकत नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस वेगवेगळे निवडून येतात. दोघांचं जमलं नाही तरी दोघेही आपापल्या जागी राहतात, आणि ताण खालच्या नोकरावर येतो. काँग्रेसच्या सदस्यांचा पगार या काळातही चालू असतो, कारण त्याची तरतूद वर्षाच्या विधेयकांवर अवलंबून नाही.

घरी बसलेले आणि कामावर गेलेले

शटडाऊनमध्ये नोकरांचे ढोबळ दोन गट पडतात आणि मदतीच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. एक गट सक्तीच्या बिनपगारी रजेवर जातो. तिथे याला फर्लो म्हणतात. या लोकांनी ऑफिसचा ईमेलही उघडायचा नसतो. दुसरा गट ‘अपवाद’ मानलेल्यांचा, म्हणजे विमानवाहतूक नियंत्रक, विमानतळावर सामान तपासणारे, तुरुंगातले पहारेकरी, सीमेवरचे जवान. हे रोज कामावर जातात, पण खात्यात पैसे येत नाहीत. 22 डिसेंबर 2018 ते 25 जानेवारी 2019 या 35 दिवसांच्या बंदात अशा दोन्ही मिळून सुमारे आठ लाख लोकांचा पगार अडकला. 1 ऑक्टोबर 2025 पासूनचा बंद 12 नोव्हेंबरला संपला. तो 43 दिवस चालला, तोवरचा सर्वांत लांब. 2018 च्या वेळी काही खात्यांची विधेयकं आधीच मंजूर होती. 2025 मध्ये त्यातलं काहीच झालेलं नव्हतं, त्यामुळे झळ जास्त लोकांना लागली.

आणि हे सगळे वॉशिंग्टनमध्ये राहत नाहीत. पाचातले चारांहून अधिक केंद्रीय नोकर राजधानीच्या परिसराबाहेर आहेत. युटामधलं ऑग्डेन, अलाबामातलं हंट्सव्हिल यांसारख्या गावांत मोठं सरकारी कार्यालय हाच गावचा मोठा मालक असतो. तिथे पगार थांबला की केशकर्तनालयापासून खानावळीपर्यंत सगळ्यांचा गल्ला हलका होतो.

थकलेला पगार मिळतो का?

मिळतो. पूर्वी प्रत्येक बंदानंतर काँग्रेस स्वतंत्र कायदा करून तो द्यायची, पण आधीपासून हमी नव्हती. 16 जानेवारी 2019 रोजी, बंद चालू असतानाच, एक कायदा झाला. घरी बसवलेले असोत की बिनपगारी राबलेले, बंद संपल्यावर दोघांनाही ठरल्या दराने पूर्ण पगार, आणि तो शक्य तितक्या लवकर. ऑक्टोबर 2025 मध्ये व्हाइट हाऊसच्या अर्थसंकल्प कार्यालयाकडून एक टिपण बाहेर आलं. रजेवरच्यांना हा पगार आपोआप मिळत नाही, काँग्रेसने त्यासाठी वेगळी तरतूद करावी लागेल, असा त्यातला युक्तिवाद होता. महिनाभर लोक त्या टांगत्या तलवारीखाली राहिले. शेवटी 12 नोव्हेंबरच्या कायद्यात सगळ्यांचा थकलेला पगार स्पष्टपणे घातला गेला.

म्हणजे पगार बुडत नाही, तो लांबतो, आणि किती लांबेल हे कुणालाच माहीत नसतं. या काळात ‘मदत’ म्हणून जे जे पुढे येतं त्यातलं बहुतेक दान नसतं. ती तुमच्याच येणाऱ्या पगारावरची उचल असते. हे एकदा लक्षात आलं की कुठली मदत आधी घ्यायची आणि कुठली शेवटी, हे ठरवणं सोपं जातं. पैसे येणार आहेत हे नक्की असेल, तर मधल्या दिवसांसाठी कमीत कमी किंमत मोजायची, एवढाच हिशेब उरतो.

आधी हिशेब

समजा एक कारकून आहे. अमेरिकेत केंद्र सरकार दर दोन आठवड्यांनी पगार करतं. तिच्या हातात दर खेपेला 1,600 डॉलर येतात. 1 ऑक्टोबर 2025 ला बंद सुरू झाला. अनेक कार्यालयांत 10 ऑक्टोबरचा पगार मुख्यतः सप्टेंबरच्या कामाचा होता, म्हणून तो अर्धामुर्धा का होईना, आला. दहा कामाच्या दिवसांपैकी सात दिवसांचा धरू, म्हणजे साधारण 1,120. मग 24 ऑक्टोबरला शून्य आणि 7 नोव्हेंबरला शून्य. भोक पडलं 3,680 डॉलरचं, आणि मध्ये 1 नोव्हेंबरचं घरभाडं आलंच. अमेरिकेत हातावर पोट असलेली कुटुंबं आपल्याला वाटतात त्याहून खूप जास्त आहेत. फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या, 2024 च्या पाहणीत 400 डॉलरचा अचानक आलेला खर्च रोखीने किंवा रोखीसारख्याच मार्गाने भागवू शकतो असं सांगणारे 63 टक्के होते. उरलेल्या 37 टक्क्यांना उसनवारी करावी लागते, काहीतरी विकावं लागतं, नाहीतर तो खर्च झेपतच नाही.

आता ही बाई 1,600 डॉलर कुठून आणते त्यावर तिचं पुढचं सगळं ठरतं. कोपऱ्यावरच्या ‘पे-डे’ कर्जाच्या, म्हणजे पुढच्या पगारापर्यंत महागडं कर्ज देणाऱ्या, दुकानात गेली तर नेहमीचा दर 100 डॉलरमागे दोन आठवड्यांना 15 डॉलर. ऐकायला थोडं वाटतं. 1,600 वर ते 240 होतात. पगार आला नाही म्हणून मुदत तीनदा वाढवली तर 720 डॉलर निव्वळ व्याजात गेले आणि मुद्दल तसंच. वर्षाच्या हिशेबाने हा दर जवळपास 400 टक्के पडतो. थकलेला पगार हाती आला तरी हे 720 तिला कुणी परत देत नाही. कायदा पगार देतो, लेट फी आणि व्याज देत नाही.

पतसंस्था

माझे वडील शाळामास्तर. अनुदान अडलं आणि पगार लांबला की ते सेवकांच्या पतसंस्थेत जायचे. तिथला कारकून त्यांना ओळखायचा, पगार तिथूनच वळता व्हायचा, त्यामुळे उचल मिळायला एक अर्ज आणि दोन जामीनदार पुरायचे. अमेरिकेतल्या ‘क्रेडिट युनियन’बद्दल मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तीच पतसंस्था दिसली. सभासदच मालक, नफा सभासदांचा, आणि सभासदत्व बहुतेक एखाद्या नोकरीशी किंवा गावाशी जोडलेलं. नेव्ही फेडरल ही त्यातली सर्वांत मोठी. 1933 मध्ये सात जणांनी सुरू केलेली.

शटडाऊनमध्ये या संस्था फार उपयोगी पडतात, आणि त्यामागचं कारण व्यवहाराचं आहे. नोकराचा पगार दर वेळी ज्या खात्यात जमा होतो ते खातं त्यांच्याकडेच असतं. पगार किती येतो त्यांना माहीत, तो सरकारकडून येणार हेही माहीत. मग कर्जात धोका कसला? नेव्ही फेडरल अशा वेळी पगाराच्या प्रमाणात, 6,000 डॉलरपर्यंत, शून्य टक्के व्याजाने रक्कम देते. थकलेला पगार जमा झाला की ती आपोआप वळती होते. लष्करी कुटुंबांची बँक-विमा कंपनी यूएसएए आणि इतर अनेक क्रेडिट युनियनही अशा योजना काढतात. अट बहुधा एकच, पगार आधीपासून आमच्याकडे जमा होत असला पाहिजे. बंद सुरू झाल्यावर घाईने खातं उघडून ही सोय मिळत नाही, म्हणून ज्यांच्या घरात केंद्र सरकारची नोकरी आहे त्यांनी हे काम आधीच करून ठेवावं.

आपल्या कारकून बाईने हाच रस्ता धरला तर 3,680 चं भोक भरतं आणि व्याजात एक सेंटही जात नाही.

सैनिकांसाठी याहून जुनी सोय आहे. प्रत्येक दलासाठी मदत संस्था असते आणि ती बिनव्याजी कर्ज देते. 2019 च्या बंदात तटरक्षक दलाचा पगार थांबला, कारण ते दल संरक्षण खात्यात नसून गृहसुरक्षा खात्यात येतं आणि त्या खात्याचं विधेयक अडलं होतं. सुमारे 42,000 जवानांना 15 जानेवारीचा पगार मिळाला नाही. निधी अडल्यामुळे सैन्यदलातल्या लोकांचा पगार चुकण्याची देशाच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ, असं दलप्रमुख ॲडमिरल कार्ल शुल्झ यांनी तेव्हा लिहिलं. तेव्हा यूएसएएने दलाच्या मदत संस्थेला दीड कोटी डॉलर दिले आणि त्यातून जवानांना बिनव्याजी कर्जं वाटली गेली.

बेकारी भत्ता, आणि त्यातली खोच

बिनपगारी रजेवर बसवलेला नोकर बेकारी भत्त्यासाठी अर्ज करू शकतो. भत्ता केंद्राचा, पण तो देतं राज्य, आणि नियम राज्याचे. अर्ज राहत्या घराच्या राज्यात नाही, तर जिथे शेवटची नेमणूक होती त्या राज्यात करायचा. व्हर्जिनियात राहून वॉशिंग्टनमध्ये नोकरी करणाऱ्यांचा इथेच गोंधळ होतो. पगाराच्या पावत्या जवळ ठेवाव्या लागतात, कारण ज्या कार्यालयाने पगाराचा दाखला द्यायचा तेच बंद असू शकतं. रक्कमही बेताची. मेरीलँडमध्ये 2025 साली आठवड्याला जास्तीत जास्त 430 डॉलर.

थकलेला पगार मिळाला की हा भत्ता परत करावा लागतो, कारण त्याच दिवसांचे दोनदा पैसे घेता येत नाहीत. म्हणजे हीसुद्धा बिनव्याजी उचलच. दरवेळी अनेक जण ती रक्कम खर्चून बसतात आणि पुढे राज्याकडून वसुलीची चिठ्ठी येते. आलेला प्रत्येक डॉलर वेगळा लिहून ठेवावा, एवढं माझं आग्रहाचं सांगणं.

दुसरी बाब मला अन्यायाची वाटते. जो बिनपगारी काम करतोय, त्याला हा भत्ता साधारणपणे मिळत नाही. तो पूर्ण वेळ कामावर आहे, मग बेकार कसा? विमानतळावर आठ तास उभा राहणारा माणूस पगारालाही मुकतो आणि भत्त्यालाही. ही फट ओळखून मेरीलँडने केंद्रीय नोकरांना 700 डॉलरचं बिनव्याजी कर्ज देण्याची सोय केली. रक्कम लहान आहे, पण पेट्रोलला आणि पाळणाघराला पुरते, आणि कामावर जायचं तर ही दोन्ही लागतातच.

फोन करा, पण तारखेच्या आधी

वीज, गॅस, गाडीचा हप्ता, घराचं कर्ज, क्रेडिट कार्ड या सगळ्यांना मुदतीपूर्वी कळवलं तर बहुतेक ठिकाणी हप्ता पुढे ढकलून मिळतो, दंड माफ होतो. मुदत उलटल्यावर कळवलं तर तोच माणूस थकबाकीदार ठरतो. डिसेंबर 2018 मध्ये सरकारच्या मनुष्यबळ कार्यालयाने घरमालकांना लिहायच्या पत्रांचे नमुने प्रसिद्ध केले. त्यातल्या एकात भाड्याच्या बदल्यात रंगकाम, सुतारकाम करून देण्याची तयारी दाखवली होती. लोक संतापले, आणि हा नमुना 2013 चा जुना असून चुकून गेला असं कार्यालयाला सांगावं लागलं. संताप योग्यच होता. तरी पत्र लिहिण्याची कल्पना मोडीत काढू नये. पत्रात तीन गोष्टी हव्यात: मी केंद्र सरकारचा नोकर आहे, पगार कायद्याने मिळणार आहे, आणि अमुक रक्कम मी आत्ता देऊ शकतो. हप्ता ‘माफ’ झाला की ‘पुढे गेला’, आणि पुढच्या दिवसांचं व्याज लागणार का, हे लेखी घ्यावं.

आरोग्य विम्याची काळजी मात्र करायला नको. पगार नसला तरी तो चालू राहतो, आणि हप्ते नंतरच्या पगारातून कापले जातात.

निवृत्तीच्या फंडाला हात लावायचा का? तिथला थ्रिफ्ट सेव्हिंग्ज प्लॅन आपल्या पीएफसारखाच, आणि त्यातून दोन तऱ्हांनी पैसे निघतात. कर्ज घेतलं तर ते आपल्यालाच व्याजासह परत करायचं असतं आणि पगार नसताना हप्ते थांबवता येतात. अडचणीसाठी कायमची रक्कम काढली तर त्यावर आयकर, आणि वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर बहुधा वर 10 टक्के दंड. 3,680 वर नुसता दंडच 368 डॉलर. शिवाय ती रक्कम फंडात परत भरता येत नाही. महिन्याभराच्या अडचणीसाठी म्हातारपणचं धान्य विकू नये.

जेवणाची ताटं

जानेवारी 2019 मध्ये होजे आंद्रेस या नामवंत शेफच्या वर्ल्ड सेंट्रल किचनने वॉशिंग्टनमध्ये पेन्सिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवर स्वयंपाकघर उघडलं. सरकारी ओळखपत्र दाखवा आणि गरम जेवण घ्या. गरजूंना फुकट धान्य पुरवणारी राजधानीतली कॅपिटल एरिया फूड बँकही अशा वेळी केंद्रीय नोकरांसाठी वेगळं धान्यवाटप करते. आयुष्यभर मान वर करून नोकरी केलेल्या माणसाला अशा रांगेत उभं राहणं किती जड जात असेल, याची कल्पना आपल्याला करता येते. ही खरी मदत, परत न मागणारी.

इथे मदत करणाऱ्यालाही एक नियम माहीत हवा. सरकारी नोकराचं ज्याच्याशी कामाचं नातं आहे अशा माणसाकडून किंवा कंपनीकडून त्याला एका वेळी 20 डॉलरहून आणि वर्षात 50 डॉलरहून जास्त किमतीची भेट घेता येत नाही. विमानतळावरच्या दुकानदाराने तपासनिसाला पैशाचं पाकीट देणं म्हणूनच अडचणीचं. नातेवाईक, शेजारी, मंदिर-चर्च, फूड बँक यांची वाट मोकळी असते. रजेच्या काळात दुसरीकडे काम करायचं तर खात्याचे नीतिनियम तेव्हाही लागू असतात, त्यामुळे काही खात्यांत आधी परवानगी घ्यावी लागते.

सरकारी अन्न-साहाय्यावर भिस्त ठेवता येत नाही. नोव्हेंबर 2025 च्या सुरुवातीला तर तेच कोलमडलं. सुमारे 4 कोटी 20 लाख लोक ज्या योजनेवर जगतात तिचे पैसे 1 तारखेला आले नाहीत, आणि फूड बँकांच्या रांगेत सरकारी नोकर आणि गरीब कुटुंबं एकामागे एक उभी राहिली.

मराठी घरांत याचा संबंध कुठे येतो

केंद्र सरकारच्या नोकरीला बहुधा अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, त्यामुळे थेट नोकरीत असलेली मराठी माणसं मुख्यतः तिथे स्थायिक झालेली. पण मेरीलँड, व्हर्जिनियात सरकारी कंत्राटांवर काम करणाऱ्या आयटी कंपन्यांमध्ये आपली बरीच मुलं आहेत. कंत्राटाचं काम थांबलं म्हणून कंपनीने एच-1बी व्हिसावरच्या कर्मचाऱ्याचा पगार थांबवणं कायद्यात बसत नाही. काम नसलेल्या दिवसांचाही ठरलेला पगार मालकाला द्यावाच लागतो. हे ठाऊक नसल्यामुळे मुलं गप्प बसतात. 2025 च्या बंदात श्रम खात्याने एच-1बीसाठी लागणारे प्राथमिक अर्ज घेणं ऑक्टोबरभर थांबवलं होतं. नोकरी बदलणाऱ्यांचे, मुदतवाढ मागणाऱ्यांचे कागद त्यामुळे अडले. एच-1बीचे मुख्य अर्ज मंजूर करणारं खातं स्वतः अर्जाच्या फीवर चालत असल्याने उघडं होतं, पण त्याला लागणारा कागदच मिळत नव्हता.

ज्यांना काहीच परत मिळत नाही

आता आपल्या कारकून बाईकडे. बंद संपला, पुढच्या काही दिवसांत थकलेली रक्कम जमा झाली. त्यातून विम्याचे राहिलेले हप्ते कापले गेले, पतसंस्थेची उचल वळती झाली, भत्ता घेतला असेल तर तो परत गेला. महिन्याभराने तिचं खातं जवळपास जिथल्या तिथे.

तिच्याच इमारतीत रात्री फरशी पुसणारी बाई मात्र कंत्राटदाराची कामगार. दारावरचा रखवालदार आणि उपाहारगृहातला आचारीही तसेच. 2019 च्या कायद्याने दिलेली पगाराची हमी सरकारी नोकरांची आहे, कंत्राटी कामगारांची नाही. सरकारने कंत्राटदाराला त्या दिवसांचे पैसे दिले नाहीत, कंत्राटदाराने यांना दिले नाहीत. 2019 मध्ये मिनेसोटाच्या सिनेटर टीना स्मिथ यांनी कमी पगाराच्या कंत्राटी कामगारांना थकलेला पगार देण्याचं विधेयक आणलं होतं. ते मंजूर झालं नाही. या लोकांना नेव्ही फेडरलची पगारावरची उचल मिळत नाही, कारण पुढे येणारा पगारच नाही. घरमालकाला लिहायच्या पत्रात ‘पगार कायद्याने मिळणार आहे’ हे वाक्य त्यांना लिहिता येत नाही.

त्यांच्यासाठी बेकारी भत्ता हीच मुख्य सरकारी मदत उरते, आणि थकलेला पगार येणारच नसल्यामुळे त्यांना ती परत करावी लागत नाही. म्हणून ओळखीत असं कुणी असेल, तर काम थांबल्याच्या पहिल्याच आठवड्यात अर्ज करायला सांगा. भत्ता बहुधा अर्ज केल्यापासून मोजला जातो, काम सुटल्यापासून नाही.